काढलेली चकती

या अंकासाठी लिहा म्हणून ज्या बाईंचा फोन आला, त्यांनी आधी विचारलं, "सोलेनॉइड व्हॉल्व्ह म्हणजे आपला नळच ना हो?" मी म्हटलं, हो, नळच. एकतीस वर्षं मी नळ केले. खरं सांगायचं तर समजावून सांगायचा कंटाळा आला होता. या एकतीस वर्षांत मी आईला समजावलं, नवऱ्याला समजावलं, बँकेतल्या माणसाला समजावलं, आणि अस्क्यांनी शेवटी मान हलवून "म्हणजे नळच" असंच म्हटलं. अस्कं म्हणजे सगळं. आमच्या तंजावरी मराठीत असंच म्हणतात, अंकवाल्या बाईंनी ते बदलू नये.

तर नळच, पण हातानं न फिरवायचा. तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं असतं आणि त्याच्या पोटात बोटाच्या पेरापेक्षा लहान असा एक लोखंडी दांडा. त्याला आम्ही प्लंजर म्हणतो. तारेत वीज सोडली की वेटोळ्याचं चुंबक होतं, प्लंजर ओढला जातो, भोक उघडतं. वीज तोडली की स्प्रिंग त्याला मागे ढकलते, भोक मिटतं. एवढंच. गंमत आहे ती वेगाची. मी जे व्हॉल्व्ह केले ते बस आणि लॉरीच्या ब्रेकचे. मोठ्या गाड्यांचे ब्रेक हवेच्या जोरावर लागतात. ब्रेक दाबल्यावर एखादं चाक फिरायचं थांबून नुसतं घसरायला लागलं, तर त्या चाकाची थोडी हवा सोडायची, चाक फिरू लागलं की लगेच पुन्हा भरायची. हे इतक्या लवकर करायचं की ड्रायव्हरच्या पायाला फक्त थरथर कळावी. तुमची पापणी एकदा लवते तेवढ्या वेळात माझा व्हॉल्व्ह दहा वेळा उघडून मिटतो. आम्ही मिलिसेकंदात मोजतो, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात. त्या एकेका भागासाठी माणूस महिनेच्या महिने घालवतो आणि घरी कुणाला सांगताही येत नाही.

माझं काम हा नळ बनवायच्या आधी तो कॉम्प्युटरवर चालवून बघायचं. वीज सोडल्यावर तारेत ती एकदम चढत नाही, हळूहळू चढते. लोखंडाच्या अंगात विजेचे बारीक भोवरे फिरतात, ते चुंबकाला उशीर करतात. प्लंजरला वजन असतं, स्प्रिंगला हट्ट असतो, हवेला जोर असतो. या प्रत्येकाचं एक समीकरण, आणि ती सगळी एकत्र सोडवली की पडद्यावर एक रेघ उमटते. याला मॉडेल म्हणायचं. रेघ हवी तशी आली की जीव हलका व्हायचा. माझं निम्मं आयुष्य त्या रेघेकडे बघण्यात गेलं, डोळे गेले आणि मानही.

आमची कंपनी चेन्नईच्या बाजूची, पण डिझाइनचं लहानसं ऑफिस त्यांनी इथे तंजावूरला काढलं होतं, कॉलेजजवळच्या गल्लीत, दोन खोल्या आणि एक शेड. आम्ही सहा जण होतो. त्यातली जानकीअक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी, आमच्यातलीच, घरी मराठी बोलणारी. ती तारेची वेटोळी करायची आणि नमुन्याचे व्हॉल्व्ह हातानं जोडायची. शिक्षण दहावी. मी कागदावर काय काढलंय ते तिला चष्मा न लावता कळायचं.

शेडमध्ये आमचं चाचणीचं यंत्र होतं. व्हॉल्व्ह त्यावर लावून ठेवायचे आणि ते आठवडाभर टकटक करत बसायचे. शेजारी मृदंग शिकवणारे एक मास्तर तिरुवैयारुहून बसनं यायचे. त्यांचा आमच्यावर भारी राग. दर सोमवारी भिंतीवर थाप मारायचे. एकदा थेट शेडच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुमचा तिसरा आज मागे पडतोय. माझी मुलं बिघडतात." मी हसले. पडद्यावर तर रेघ नीट होती. जानकीअक्कानं तिसरा व्हॉल्व्ह उघडला, तर स्प्रिंगला केसाएवढी चीर. मी मास्तरांना कॉफी पाजली. त्यांनी ती घेतली, पण चेहऱ्यावरचा राग काही सोडला नाही.

आता चकतीचं सांगते. प्लंजर ओढला गेला की तो समोरच्या लोखंडाला जाऊन भिडतो. लोखंडाला लोखंड थेट भिडू द्यायचं नसतं. वीज गेली तरी थोडं चुंबकपण मागे राहतं आणि प्लंजर सुटायला कुरकुर करतो. म्हणून मध्ये पितळेची पातळ चकती घालतात. पितळ चुंबकाला दाद देत नाही. पण या चकतीमुळे अंतर वाढतं, ओढ कमी होते, आणि उघडायला उशीर होतो. या धंद्यात एकीकडचा उशीर काढला की तो दुसरीकडे जाऊन बसतो.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचे मुख्य साहेब चेन्नईहून रोज फोन करायचे, "अजून दोन मिलिसेकंद काढा. समोरच्या कंपनीनं काढले." मी तार बदलली, स्प्रिंग बदलली, प्लंजरला आतून पोकळ केलं. दीड मिलिसेकंद निघाला. अर्धा काही निघेना. तीन महिने त्या अर्ध्यावर गेले. माझ्या आईचं तेव्हा आजारपण चाललं होतं, घरी तिचं बघायचं आणि इथे येऊन रेघ बघायची. एक दिवस मी मॉडेलमधून चकती काढून टाकली. रेघ झपकन जागेवर आली. मागे राहणाऱ्या चुंबकपणाचा हिशोब केला, सुटायला उशीर होत होता, पण चालण्यासारखा. मी खुर्चीत मागे टेकले. किती बरं वाटलं ते आजही आठवतं.

नवं चित्र जानकीअक्काच्या टेबलावर ठेवलं. ती बघत राहिली.

"चकती कुठं गे, कमला?"

"काढली."

"काढून कसं चालेल? चिकटेल ते."

"नाही चिकटत. हिशोब केलाय मी."

"ओली एवरसिल्वरची ताटं एकावर एक पालथी घाल, आणि मग एका हातानं काढून दाखव मला." आमच्याकडे स्टीलला एवरसिल्वर म्हणतात. "तुझ्या कॉम्प्युटरला ताटं घासायला सांग एकदा."

मी म्हटलं, "अक्का, व्हॉल्व्हमध्ये हवा असते, पाणी नसतं. तू जोड." तिनं जोडले. चाचणीच्या यंत्रावर ते आठवडाभर चालले, एकही चिकटला नाही. मी तिच्याकडे बघून भुवया उडवल्या. तिनं नुसतं नाक मुरडलं.

आमच्या यंत्राची हवा गाळून, वाळवून येत होती, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. म्हणजे माहीत होतं. ते यंत्र मीच बसवलेलं. पण माहीत असणं आणि वेळेवर डोक्यात येणं यात फरक पडतो. बसची हवा तशी नसते. बसचा कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो, आणि पोंगलच्या सुमाराला आमच्याकडे सकाळी कावेरीच्या कालव्यांवर धुकं असतं. ते पाणी हवेबरोबर आत जातं, कॉम्प्रेसरचं थोडं तेल त्यात मिसळतं. म्हणून ड्रायव्हरनं रोज सकाळी हवेच्या टाकीखालची कडी ओढून पाणी सोडायचं असतं. सोडलं तरी थोडी ओल नळ्यांत राहतेच.

चाचणीसाठी एका खासगी मालकाच्या दोन बसवर आमचे व्हॉल्व्ह लावले. तंजावूर, पापनाशम, कुंभकोणम अशी फेरी. त्यातल्या एकीचे ड्रायव्हर मुरुगेसन. चव्वेचाळीस-पंचेचाळीसचे असतील तेव्हा. गाडी चालवताना बोलायचे नाहीत, हॉर्नही कमी. मी आठवड्यातून एकदा त्यांच्या मागच्या सीटवर कॉम्प्युटर घेऊन बसायची. ते आरशातून बघून विचारायचे, "अम्मा, आज तुमची पोरं शहाणी वागतायत का?" पोरं म्हणजे व्हॉल्व्ह. पायाखालची थरथर त्यांना आवडायची. म्हणायचे, गाडी आता माझ्याशी बोलते.

पोंगलनंतर कापणी झाली की आमच्याकडे शेतकरी भात वाळवायला रस्त्यावर पसरतात. डांबर तापतं, भात लवकर वाळतं. अर्धा रस्ता भाताचा, अर्धा गाड्यांचा. बायका पायांनी दाणे उलटत चालत असतात, बस आली की बाजूला होतात. कुणी कुणाला ओरडत नाही. आम्हाला व्हॉल्व्ह तपासायला याहून चांगला रस्ता मिळाला नसता, कारण दाण्यांवर चाक घसरतं. मीच फेरीसाठी हा रस्ता मागून घेतला होता.

त्या सकाळी मी बसमध्ये नव्हते. आईला डॉक्टरकडे नेलं होतं. पापनाशमच्या अलीकडे एक मोपेड आडवी आली. मुरुगेसननी ब्रेक दाबला. डावी चाकं दाण्यांवर होती, घसरली. व्हॉल्व्हनं हवा सोडली, इथवर बरोबर. दाणे संपून डांबर आलं तेव्हा हवा सोडायचं भोक मिटायला हवं होतं. पुढच्या डाव्या चाकाचं मिटलं नाही. उजव्या चाकाला पूर्ण ब्रेक, डाव्याला नाही, आणि बस उजवीकडे ओढली गेली. भात उलटणारी बाई बस येताना बघून नेहमीसारखी रस्त्याच्या उजव्या कडेला जाऊन उभी होती. बसचा कोपरा तिला लागला. बस कालव्याच्या उतारावर थांबली. बाई वाचली, पण मांडीचं हाड मोडलं, आणि पुढे ती काठी घेऊनच चालत राहिली.

दुपारी मी बसच्या शेडमध्ये पोचले. मुरुगेसन बाकावर बसले होते, हात गुडघ्यांवर. मला बघून उठले आणि म्हणाले, "मी वेळेवर दाबला, अम्मा. पायाला कळलं, एका बाजूनं सोडून दिलं." मालकाचा माणूस म्हणत होता, यानं टाकीचं पाणी सोडलं नसेल. मी खाली वाकून टाकीची कडी बघितली. ओढून ओढून ती घासलेल्या तांब्यासारखी चकचकीत झाली होती, आणि तिला मुरुगेसननी नायलॉनची दोरी बांधून ठेवली होती, म्हणजे रोज खाली रांगावं लागू नये. शेजारच्या बसची कडी गंजून गेली होती. मुरुगेसननी पाणी रोज सोडलं होतं याला आणखी कसला पुरावा हवा होता.

व्हॉल्व्ह काढून मी ऑफिसला आणला. जानकीअक्कानं तो माझ्यासमोर उघडला. प्लंजर समोरच्या लोखंडाला चिकटून होता, मध्ये दुधाळ तेलाचा पातळ पापुद्रा. वीज नाही, चुंबक नाही, तरी चिकटलेला. तिनं नखानं सोडवला तेव्हा चक् असा आवाज झाला. "ताटं," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. नंतर व्हॉल्व्ह टेबलावर ठेवून हात धुवायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

साहेबांना मी फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "टाकीत ओल सापडली ना? मग निगा राखली नाही असं लिहा." मी म्हटलं, तसं लिहिणार नाही. ते म्हणाले, "मग व्हॉल्व्हचा दोष लिहून ऑफिस बंद करून घ्या. सहा माणसं आहेत ना तुमची?" त्या सहांत जानकीअक्का होती आणि तिचं घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं. मी स्वतःला हेच कारण दिलं. दुसरं कारण असं की चकती मी काढली होती आणि चित्राखाली सही माझी होती. आणि तिसरं, मी फार दमले होते. तिन्ही खरी आहेत, कुठलं किती ते मला अजून सांगता येत नाही.

मी अहवालात इंग्रजीत लिहिलं, उपलब्ध पुराव्यावरून नेमकं कारण निश्चित करता येत नाही. खोटं बोलले नाही म्हणून त्या दिवशी जेवण घशाखाली गेलं. मालकानं ते वाचलं, यंत्राचा दोष नाही असा अर्थ लावला आणि मुरुगेसनना काढून टाकलं.

पंधरा दिवसांनी ते ऑफिसात आले. धुतलेला, इस्त्री केलेला खाकी शर्ट घालून, नोकरी गेली तरी. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "अम्मा, एकच ओळ लिहून द्या. मुरुगेसननं ब्रेक वेळेवर दाबला. तेवढंच. दुसऱ्या मालकांना दाखवता येईल. आता सगळे विचारतात, तू तोच का, ज्यानं बाईला उडवलं."

मी म्हटलं, "बघते."

काय शब्द आहे! कुणाला नाही म्हणायचं धैर्य नसलं की आपण बघते म्हणतो. मुरुगेसननी मान हलवली आणि दारापाशी चपला घालून गेले. परत कधी विचारायला आले नाहीत. मी चकती परत घातली, लोखंडाच्या तोंडावर बारीक खाचा पाडल्या म्हणजे तेलाला निघायला वाट राहील, आणि चित्रावर बदलाचं कारण लिहिलं, सुधारणा. तो व्हॉल्व्ह आज कितीतरी गाड्यांत आहे आणि उत्तम चालतो. निवृत्त झाले तेव्हा कंपनीनं तोच एका सागवानी पाटीवर बसवून मला दिला. तो टीव्हीशेजारी आहे, धूळ पुसताना हातात येतो.

मुरुगेसनना बस पुन्हा मिळाली नाही. ते तिरुवैयारुहून केळीची पानं भरून लोड ऑटो, म्हणजे मालाची रिक्षा, आणतात. बाजारात मला दोनदा दिसले. दोन्ही वेळा मी स्कूटर दुसऱ्या गल्लीत घातली. लाज वाटते सांगायला, पण घातली.

इथपर्यंत लिहून माझं झालं होतं. दर शुक्रवारी जानकीअक्का माझ्याकडे येते. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. आमच्यात बहुतेकांना येत नाही, मला वडिलांनी बाळबोध शिकवली म्हणून येते. मी तिला हे सगळं वाचून दाखवलं, चकतीपासून स्कूटरपर्यंत. मला वाटलं, ती म्हणेल, बरं केलंस, मन हलकं केलंस.

ती म्हणाली, "चांगलं लिहिलंस गे. हे मुरुगेसनला वाचता येतं?"

"नाही."

"साहेबाला?"

"नाही."

"त्या बसच्या मालकाला?"

मी कागद खाली ठेवले. तिनं कॉफी संपवली, डबरा, म्हणजे कॉफीची खोलगट वाटी, टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मग कुणाला सांगितलंस?"

तिचा मला राग आला. खूप आला. ती गेल्यावर तासभर घरात फिरत राहिले, उगाच भांडी लावली. पण तिचं बरोबर होतं, तेव्हाही आणि आताही. पुण्या-मुंबईच्या वाचकांसमोर कबुली देणं मला सोपं गेलं, कारण त्यातलं कुणी मला तंजावूरच्या बाजारात भेटणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तमिळमध्ये एक पान लिहिलं. माझं तमिळ लिहिणं शाळेतलं, दोन कागद फाडले. ब्रेक मुरुगेसन यांनी वेळेवर दाबला. टाकीचं पाणी ते रोज सोडत होते. दोष व्हॉल्व्हचा होता. तो व्हॉल्व्ह मी डिझाइन केला आणि त्यातली चकती मी काढली. खाली नाव, सही. जानकीअक्काला फोन केला, ती म्हणाली मी येते, आणि आम्ही दोघी तिरुवैयारुच्या बसमध्ये बसलो.

मुरुगेसन घरासमोर ऑटोच्या मागे पानांचे भारे बांधत होते. केस पांढरे झालेत. मला बघून त्यांनी हात पुसले, दोन खुर्च्या आणल्या, "वा अम्मा" म्हणाले, म्हणजे या, जणू मी काल भेटले होते. मी बसले नाही. कागद दिला. त्यांनी उभ्याउभ्याच वाचला, ओठ हलवत, सावकाश. मग पहिल्यापासून परत वाचला.

"व्हॉल्व्हचं तुम्हाला कधी कळलं, अम्मा?"

मला सांगता आलं असतं, पुढे, हळूहळू, चाचण्या करताकरता. जानकीअक्का माझ्याकडे बघत नव्हती, पानांच्या भाऱ्याकडे बघत होती.

"त्याच दिवशी," मी म्हटलं.

त्यांनी कागदाची घडी घालायला घेतली होती, ती उलगडली आणि कागद ऑटोच्या पाटावर माझ्यासमोर सरळ करून ठेवला.

"मग तेही लिहा," ते म्हणाले.

मी पर्समधून पेन काढलं आणि सहीच्या वर थोडी जागा होती तिथे तेही लिहिलं.